थंड वाळूची पुळण

९ जानेवारी

ढब्बू,

तुझं पत्र शनिवारच्या होडीने आलं. आठ ओळींत पाच वेळा 'तातडीने' लिहिलंयस. मुख्य कचेरीत बसलं की माणूस सख्ख्या बहिणीलाही परिपत्रकच पाठवतो वाटतं. हवंय काय, तर अकरा वर्षांच्या नोंदवह्या. याच होडीने पाठवतेय, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, सुतळीने बांधून. सुतळी कापू नकोस, गाठ सोड. इथे सुतळी मिळत नाही.

या नदीकाठच्या पुळणीवर मी अकरा वर्षं कासवं राखत बसलेय, पण एवढ्या काळात तुमच्या कचेरीतल्या कुणाला वह्या बघाव्याशा वाटल्या नाहीत. होडीवाला सांगत होता की उन्हाळे दरवर्षी वाढतायत, म्हणून पुढच्या पन्नास वर्षांचा आराखडा होणार आहे. कुठलं जनावर कुठे जगवायचं, कुठे सोडून द्यायचं, सगळं त्यात ठरणार, आणि ते लिहिणारा तू. मी म्हटलं, अहो, आमच्या ढब्बूला उद्याचं दप्तर आज भरता यायचं नाही, तो पन्नास वर्षांचं काय भरणार. पण आतून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

वह्या वाचायला सोप्या आहेत. रोज सकाळी आणि दुपारी वाळू किती तापली ते, मग घरटी, अंडी, बाहेर आलेली पिल्लं. शेवटचा रकाना हस्तक्षेपाचा. राखणदाराने मोजायचं, घरट्याला हात लावायचा नाही, हा तुमचाच नियम. त्या रकान्यात रोज 'नाही' आहे. अक्षर वाईट आहे, त्याला माझा इलाज नाही.

होडी परत येईल तेव्हा तिच्यातून जुनी गोणपाटाची पोती पाठव, वीस-पंचवीस. आहेत ती विरली. कशाला म्हणून विचारू नकोस, एकट्या बाईला शंभर कामं असतात.

ताई


२८ जानेवारी

ताई,

सुतळी सोडून, गुंडाळी करून पोत्यांबरोबर पाठवली आहे. पोती तीस आहेत. चौकीचं छप्पर गळतंय का? तसं असेल तर सांग, पोती कशाला घालतेस, मी पत्रे मंजूर करून घेतो.

आता बातमी ऐक. तुझ्या वह्यांनी इथे सगळ्यांची झोप उडवली आहे. नदीवर कासवांच्या पाच पुळणी, त्यातल्या चार हातातून गेल्यात जमा आहेत. तिथे वाळू भर उन्हाळ्यात पस्तिशीच्या वर जाते. अंडी तापली की पिल्लं सगळी माद्याच निघतात, आणि फार तापली तर निघतच नाहीत. पाच वर्षांत त्या चार पुळणींवर एक नर सापडलेला नाही. पाचवी पुळण तुझी. तिथे दुपारची वाळू एकतीस. तू दरवर्षी बाटलीतून पाठवतेस ती मेलेली पिल्लं आम्ही तपासली, त्यात नर-माद्या जवळजवळ निम्मे निम्मे.

साहेबांनी तुझी आठवी वही हातात घेतली आणि अर्धा तास खाली ठेवली नाही. त्यांचं म्हणणं, तुझ्या पुळणीखाली झरा असणार, तो वाळू गार ठेवतो. मी सध्या साहेबांच्या गळ्यातला ताईत झालोय. बढतीचा विषय त्यांनी आपणहून काढला. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, बहिणीच्या अक्षरावर नवरा मोठा झाला. म्हणू दे, खरंच आहे ते.

तुझा ढब्बू


१६ फेब्रुवारी

ढब्बू,

पोती मिळाली. छप्पर गळत नाही.

झऱ्याचं मला काही माहीत नाही. चौकीची विहीर खणली तेव्हा चाळीस हातांवर पाणी लागलं होतं, तेही खारट. वर झरा असता तर खणणाऱ्यांनी एवढ्या शिव्या दिल्या नसत्या. तुझ्या साहेबांना म्हणावं, आधी येऊन बघा, मग लिहा. दुसरं, आकड्यांवर इतकं विसंबू नका. थर्मामीटर जुना आहे. मी तो एकाच ठिकाणी पुरते. पुळण लांबलचक आहे, दुसरीकडे वेगळा आकडा येईल.

तुझी बढती व्हावी असं मलाही वाटतं. पण माझ्या वह्यांचा इतका डांगोरा पिटू नकोस. आराखड्यात एवढंच लिही की इथे राखणदार आहे आणि राखणदार राहायला हवा. त्याहून जास्त नको. यंदा एकेचाळीस घरटी झाली, ऊन आत्ताच मी म्हणतंय.

ताई


५ मार्च

ताई,

तुझा विनय साहेबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, खरी काम करणारी माणसं अशीच असतात.

आराखडा मंजूर झाला. परवा छापून आला. माझं नाव दुसऱ्या पानावर आहे, बारीक अक्षरात, पण आहे. आम्ही सगळ्या जागांचे तीन भाग पाडलेत. काही जागा सोडून द्यायच्या, काहींतली जनावरं हलवायची, आणि काही थोड्या जागा 'आसरा' म्हणून राखायच्या, जिथे उष्मा वाढला तरी जीव तग धरतील. नदीवरचा एकमेव आसरा तुझी पुळण. महिनाअखेरीस बाकीच्या चार पुळणींवरची सगळी अंडी तुझ्याकडे आणून पुरायची. अठराशेच्या आसपास होतील. या नदीतली यंदाची सगळी पिढी एका जागी येणार.

आता तुझ्यासाठी. आसऱ्याच्या जागी माणसाचा पायसुद्धा पडू नये असा नियम मीच घातला आहे. जी जागा स्वतःच्या बळावर उभी आहे तिला माणसाचा उपद्रव कशाला. त्यामुळे एक एप्रिलपासून चौकी बंद. तुझी बदली इथल्या रोपवाटिकेत, फाटकावर, खुर्चीवर बसून काम. आमच्यापासून चार गल्ल्यांवर खोली बघितली आहे. खिडकी पूर्वेला आहे, नळाला दिवसभर पाणी. अकरा वर्षं नदीवरून बादल्या वाहिल्यास, आता पुरे. तुला आनंद होईल म्हणून हे शेवटी ठेवलं.

तुझा ढब्बू


१२ मार्च

ढब्बू,

हे पत्र बसून वाच, आणि बायकोसमोर वाचू नकोस.

वाळू थंड नाही. ती मी थंड ठेवते.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. एका घरट्यातून काहीच बाहेर येईना म्हणून मी नियम मोडून उकरलं. अंडी उकडलेली होती. मी चूल पेटवणारी बाई आहे, उकडलेलं अंडं मला कळतं. त्या दुपारी मी अंथरुणावरची चादर नदीत बुडवली आणि शेजारच्या घरट्यावर पसरली. त्यातून सतरा पिल्लं निघाली. दुसऱ्या दिवसापासून पोती. गेली दहा वर्षं, ऊन चढायला लागलं की प्रत्येक घरट्यावर ओलं पोतं, ते सुकलं की परत पाणी, कलतं झालं की उचलायचं. तू म्हणालास त्या बादल्या मी घरात वापरायला नाही वाहिल्या.

थर्मामीटर तीन नंबरच्या घरट्याशी पुरलेला असतो. पोत्याखाली. मला तो मिळाला तोच पोती सुरू झाल्यावर; पहिल्यांदा चुकून तिथे राहिला, मग आकडा बघून बरं वाटायला लागलं. उघड्या वाळूत मी तो कधी लावलाच नाही. लावला असता तर दिवसभर हातपाय चालले नसते.

आणि रकान्यात 'नाही' लिहीत गेले. पहिल्यांदा भीतीने लिहिलं. माझ्या आधीच्या राखणदाराला घरट्याभोवती काट्या लावल्या म्हणून काढलं होतं. नंतर भीती गेली, सवय राहिली. मला तो हस्तक्षेप वाटेचना. तुला ताप यायचा तेव्हा मी रात्रभर कपाळावर घड्या बदलायचे, त्याला कुणी हस्तक्षेप म्हटलं होतं का?

चूक माझी आहे, तुझी नाही. सगळ्यांना तसंच सांग. मला काढा, निवृत्तिवेतन अडवा, काय करायचं ते करा. पण अंडी आणू नका. त्यांच्या पुळणींवर निदान थोड्या माद्या तरी निघतील. इथे पोत्यांशिवाय काही निघायचं नाही. आणलीच तर मला इथे राहू दे आणि आणखी दोन माणसं आणि शंभर पोती दे. हेच आराखड्यात घाला की कासवं जगवायची तर दुपारी पाणी शिंपायला माणूस लागतो. दहा वर्षांचा पुरावा आहे त्याला.

हे पत्र होडीवाल्याच्या हातात देतेय, टपालात टाकायला नाही, तुझ्या हातात द्यायला. उत्तर त्याच्याच हाती पाठव.

ताई


२७ मार्च

ढब्बू,

होडीवाला म्हणतो पत्र त्याने तुझ्या हातात दिलं, तू त्याच्यासमोर फोडलंस, आणि उत्तर मागून पाठवतो म्हणालास. दोन शनिवार गेले.

आज अंडी आली. खोकी भरून. आणणारी माणसं चांगली होती, प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलने खूण केली होती, उलटं होऊ नये म्हणून. बरोबर तुझे साहेब होते. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं, पोतीसुद्धा दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, इतकी वर्षं जिथे काढली ती जागा सोडवत नाही, मला समजतं." आणि मला पाणी द्यायला बरोबरच्या लोकांना सांगितलं, जणू मला घेरी आलीये. मी तुझं नाव घेतलं. म्हटलं, माझ्या भावाला विचारा, त्याला मी लेखी कळवलंय. त्यांनी विचारलं की नाही ते तू सांग.

एक तारखेला मला निघायचं आहे. मी निघणार नाही.

ताई


३० मार्च

ताई,

तुझं १२ तारखेचं पत्र मिळालं, मी दौऱ्यावर होतो म्हणून उत्तराला उशीर झाला. रागावू नकोस. मी ते दहा वेळा वाचलं. तू जे केलंस ते कासवांसाठी केलंस, हे माझ्याइतकं कुणाला कळणार.

पण जरा माझ्या बाजूनेही बघ. आराखडा फक्त तुझ्या पुळणीचा नाही. त्यात डोंगरावरची हरणं आहेत, पाणथळीतले पक्षी आहेत, सात वर्षांचं काम आहे. एक वही खोटी म्हटली की लोक सगळंच खोटं म्हणतील. आधीच कितीतरी जण टपून बसलेत, की हवामान वगैरे सगळं थोतांड आहे म्हणून. त्यांच्या हातात कोलीत द्यायचं का? आणि तुझं निवृत्तिवेतन जाईल. खोट्या नोंदींसाठी फौजदारीसुद्धा होऊ शकते. मी तुला कोर्टात उभी बघू शकत नाही.

साहेबांना मी सावकाश, योग्य वेळी सांगतो. तोवर मी मार्ग काढला आहे. दहा एप्रिलच्या आत सगळ्या घरट्यांवर हिरवी सावलीची जाळी लावून घेतो. जाळीचं काम माझ्याच टेबलावरून जातं. पोत्यांपेक्षा चांगली, सुकत नाही, पाणी लागत नाही. तू फक्त एक तारखेला गुपचूप निघून ये. तू तिथे अडून बसलीस तर चौकशी लागेल, मग जाळीही राहून जाईल. माझ्या गळ्याची शपथ घालतो.

तुझं पत्र मी कुलपात ठेवलंय. काळजी करू नकोस.

तुझा ढब्बू


१८ एप्रिल

ढब्बू,

चार गल्ल्यांवर राहून पत्र लिहायची वेळ आणलीस. तुझ्या दाराशी तीनदा येऊन गेले. दोनदा तुझी बायको म्हणाली दौऱ्यावर, तिसऱ्यांदा तुझ्या चपला दारातच होत्या. तिला खोटं बोलायला लावू नकोस, तिला जमत नाही, बिचारी मान खाली घालते.

तू शपथ घातलीस म्हणून मी आले. निघताना एकेचाळीस पोती शेवटची भिजवली. नव्या घरट्यांना पुरली नाहीत.

खोलीला पूर्वेची खिडकी आहे, नळाला पाणी आहे, खुर्ची आहे. फाटकावर दिवसभर माणसं रोपं घेऊन जातात आणि मी पावती फाडते. दुपारी नळ उघडा ठेवून हात खाली धरून बसते. वेड लागल्यासारखं वाटतं. आज फाटकावरच्या फळ्यावर पारा त्रेचाळीस लिहिला होता.

एकच विचारते. जाळी लागली का? हो किंवा नाही एवढंच लिही, बाकी काही नको.

ताई


२ मे

ताई,

हो-नाही इतकं सोपं असतं तर लगेच लिहिलं असतं.

जाळीचा प्रस्ताव मी ठेवला. पण आसऱ्याच्या जागी कुणी पाय ठेवायचा नाही, हा नियम आडवा येतो. जायचं तर विशेष परवानगी, आणि परवानगीला कारण लिहावं लागतं. काय कारण लिहू? वाळू थंड आहे म्हणून तर अंडी तिथे नेली. मी तीन वेळा मसुदा केला, तिन्ही फाडले. कसंही लिहिलं तरी वाचणारा विचारणार, तुम्हाला कसं कळलं?

बढतीचा कागद या महिन्यात निघतोय. एकदा तो हातात आला की माझ्या शब्दाला वजन येईल. यंदा उन्हाळा लवकर कलेल असा अंदाज आहे. अंडी आपल्याला वाटतात तेवढी नाजूक नसतात. एक वर्ष वाया गेलं तरी कासव शंभर वर्षं जगतं, ती परत येतील. जरा धीर धर. आणि घरी येत जा, मी मुद्दाम टाळत नाही.

तुझा ढब्बू


७ जून

ढब्बू,

मी जाऊन आले. होडीवाल्याला घेऊन, तुझा नियम पायदळी तुडवून. काल सकाळी पोचले, संध्याकाळपर्यंत उकरत होते. पिल्लं बाहेर यायची मुदत उलटून बारा दिवस झाले आहेत, तुझ्या आराखड्यात ती तारीख ठळक छापली आहे, बघितली असशीलच.

एकशे तीसच्या वर घरटी उकरली. होडीवाला मधेच थांबला, नदीवर जाऊन बसला, त्याला वास सहन होईना. मी थांबले नाही, मला मोजायचं होतं. दोन हजार सहाशे अकरा. बऱ्याच अंड्यांवर पेन्सिलची खूण अजून दिसत होती. काठावरच्या करंजाच्या सावलीत एक घरटं होतं, त्यातून नऊ पिल्लं निघून गेलेली दिसली. नऊ.

शंभर वर्षं जगतं म्हणून लिहिलंस ना. म्हणजे शंभर वर्षं त्या त्याच वाळूवर चढणार आणि शंभर वर्षं अंडी उकडणार. हा हिशेब तुझ्या डोक्यात आला नाही, इतका तू मठ्ठ नव्हतास.

मी मोजणीचा कागद तुझ्या कचेरीत आवक-जावकच्या खिडकीवर दिला आहे, सहीशिक्का घेऊन. आता तरी बोल.

ताई


२१ जून

प्रति, माजी राखणदार, पुळण क्रमांक पाच
विषय: नोंदींमधील गैरप्रकाराबाबत

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपण नोंदवह्यांमध्ये सातत्याने खोटी माहिती भरून या कार्यालयाची दिशाभूल केल्याचे निदर्शनास आले आहे. याबाबत आपले दि. १२ मार्चचे कबुलीपत्र या कार्यालयास दि. १९ जून रोजी प्रथमच प्राप्त झाले. ते वेळेत प्राप्त झाले असते तर हानी टाळता आली असती. पुढील आराखड्यातून राखणदार ही पदे सर्वच ठिकाणी रद्द करण्याचा प्रस्ताव असून नोंदी यापुढे यंत्राद्वारे घेण्यात येतील. आपण दि. ४ जुलै रोजी सकाळी अकरा वाजता चौकशी समितीपुढे आपल्याकडील सर्व कागदपत्रांसह हजर राहावे.

प्रमुख, आराखडा विभाग

(खाली पेनने) ताई, नाइलाज झाला. मोजणीचा कागद थेट वर गेला, कुणाचं तरी नाव द्यावंच लागणार होतं, आणि तूच म्हणाली होतीस की चूक माझी, तसंच सांग. तारखेचं समितीपुढे काढू नकोस. मुलं अजून लहान आहेत.


३ जुलै

ढब्बू,

पत्र मिळालं. वरचंही, खालचंही. आराखडा विभागाचे प्रमुख झालास, हे वरच्या पत्रातून कळलं. अभिनंदन.

चूक माझी असं मी म्हणाले होते, आणि उद्याही म्हणणार आहे. खोटं मी लिहिलं. थर्मामीटर उघड्या वाळूत एकदा पुरला असता तर ही वेळ आली नसती. त्याची शिक्षा होऊ दे, मी रडणार नाही. पण मी कबूल केलं तेव्हा ती सगळी जिवंत होती, ढब्बू. पेट्यांत भरायची होती अजून. तुझ्या हातात पंधरा दिवस होते.

आई गेली तेव्हा तू सहा वर्षांचा. तेव्हापासून तुला ऊन लागू दिलं नाही मी. प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक तू पाडलास, मास्तरांसमोर मी म्हणाले मी पाडला, आणि माझं ते वर्ष गेलं. तू नोकरीला लागलास तेव्हा वय चोरलं होतंस, कागदावर साक्षीची सही माझी. मला वाटायचं मी तुला जगवतेय. तसा जगलासही. पण जरा तापलं की तुला कुणीतरी मधे लागतं, आणि आता मधे मला उभं केलंस.

तुझं ३० मार्चचं पत्र माझ्याकडे आहे. पहिल्याच ओळीत लिहिलंयस, तुझं १२ तारखेचं पत्र मिळालं. चार दिवस ते उशाखाली घेऊन झोपले. एकदा काडी पेटवली, ती बोटापर्यंत आली तरी कागदाला लावली नाही. मुलांचं लिहिलंस, ती माझीही भाचरं आहेत, त्यांचा विचार मी केला नाही असं समजू नकोस.

पण जानेवारीत कासवी पुळणीवर चढतील. आपल्यातलं भांडण त्यांना माहीत नाही, तुमचा प्रस्तावही माहीत नाही. राखणदार खोटारडे म्हणून राखणदारच नको, असं एकदा ठरलं की तिथे यंत्र बसेल. यंत्र अगदी खरा आकडा दाखवेल, रोजच्या रोज, आणि पाणी कुणी ओतणार नाही. समितीने माझं पोत्यांचं ऐकायला हवं असेल तर मी वेळेत सांगितलं होतं, हे आधी त्यांना पटायला हवं. ते पटवायला तुझ्या पत्राशिवाय माझ्याजवळ दुसरा कागद नाही. म्हणून ते उद्या देणार आहे.

तुला आधी कळवते, कारण मागून वार करणं मला येत नाही. हे पत्र होडीवाला तुझ्या हातात देईल. माझ्या दारात येऊ नकोस, मी कडी लावून बसणार आहे.

उद्या तू टेबलाच्या त्या बाजूला बसशील. माझं नाव पुकारलं की खाली कागदात बघ, खिडकीबाहेर बघ, कुठेही बघ, फक्त माझ्याकडे बघू नकोस. तू बघितलंस तर मी पुन्हा सगळं माझ्यावर घेईन.

ताई